धावताना होणारा त्रास धावतानाच तपासा

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली तेव्हा बेचाळीस किलोमीटर धावणारा नोकरदार माणूस हा आपल्याकडे नवलाचा विषय होता. आज पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठल्याही शहरात पहाटे पाचला रस्त्यावर उतरणारे गट दिसतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढायला राज्यभरातून लोक येतात, आणि दक्षिण आफ्रिकेतली जवळपास नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स धावून आलेल्यांचे गावोगावी सत्कार होतात. यातले पुष्कळ जण नोकरी-व्यवसायात स्थिरावल्यावर, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे धावायला लागलेले आहेत. हे सगळं चांगलंच चाललं आहे. पण या धावण्याबरोबर एक घातक सवयही रुजली आहे. लाँग रनमध्ये चढावर छातीत आवळल्यासारखं होतं, एकाएकी धडधड सुटते, नेहमीच्या वेगालाही दम पुरत नाही किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणी म्हणतो पित्त झालं असेल, काल रात्री उशिरा जेवलो. हा हलगर्जीपणा आहे हे सगळ्यांनाच कळतं, त्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या, जबाबदार माणसाची. तो दवाखान्यात जातो, ईसीजी काढतो, टू-डी एको करतो, रक्त तपासतो. ‘सगळं नॉर्मल आहे’ असं ऐकून निर्धास्त होतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच चढावर जातो. त्याला त्रास होतो चौदाव्या किलोमीटरला, चढावर, नाडी एकशे सत्तरच्या घरात असताना. ईसीजी निघाला तेव्हा तो पलंगावर आडवा होता. ज्या प्रश्नासाठी तो गेला होता, तो प्रश्न त्याच्या शरीराला कुणी विचारलाच नाही. श्रम करताना उमटणाऱ्या लक्षणाचा शोध श्रमातच घ्यायला हवा, आणि तो पुरा होईपर्यंत स्वस्थ अवस्थेतल्या कुठल्याही चांगल्या रिपोर्टला ‘धावायला हरकत नाही’ असा अर्थ लावू नये, असं माझं म्हणणं आहे.

यामागचं शरीरशास्त्र अवघड नाही. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. कसून धावणाऱ्या, सराव असलेल्या माणसात हाच आकडा पंचवीसपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. हे काम करताना हृदयाच्या स्नायूला स्वतःसाठी लागणारा रक्तपुरवठाही चार-पाच पटींनी वाढतो. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी आतून बरीच अरुंद झालेली असली, तरी बसल्या जागी लागणारं रक्त तिच्यातून सहज जाऊ शकतं. टंचाई भासते ती मागणी वाढल्यावर. नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. त्या दहा सेकंदांत टंचाई नसेल आणि हृदयाची लय ठीक असेल, तर कागदावर काहीच उमटत नाही. एको ही फार उपयोगी तपासणी आहे. हृदयाच्या भिंती जाड झाल्या आहेत का, झडपा नीट उघडतात का, पंपाची ताकद किती आहे, हे ती दाखवते. पण ज्या वाहिनीमुळे अजून स्नायूला इजा झालेली नाही, तिच्यातला अडथळा विश्रांतीत केलेल्या एकोत सहसा कळत नाही. नाडी एकशे साठच्या वर गेल्यावरच बिघडणारी लयही त्यात सापडत नाही. मे महिन्यात कौलं कोरडी पाहून छप्पर गळत नाही असा निर्वाळा द्यावा, तसा हा प्रकार आहे.

मग टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून-धाववून घेतात ती स्ट्रेस टेस्ट, केली की झालं का? इथेही एक मेख आहे आणि ती धावणाऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे ही चाचणी बहुधा ब्रूस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमाने होते. पट्टा ताशी पावणेतीन किलोमीटरपासून, दहा टक्के चढावर सुरू होतो आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. अनेक ठिकाणी वयाप्रमाणे अपेक्षित असलेल्या कमाल नाडीच्या पंच्याऐंशी टक्क्यांना माणूस पोहोचला की चाचणी पुरी झाली असं धरून पट्टा थांबवतात. पंचेचाळीस वर्षांच्या माणसासाठी दोनशे वीसमधून वय वजा करायच्या जुन्या हिशेबाने कमाल नाडी येते १७५, आणि तिचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे १४९. बैठं काम करणाऱ्या माणसाला इथवर येताना धाप लागते. मॅरेथॉनवाल्यासाठी मात्र हा गप्पा मारत धावण्याचा वेग असू शकतो. त्याचा त्रास १७० च्या पुढे सुरू होत असेल, तर ही चाचणी त्रासाच्या अलीकडेच संपली. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं, पण ते १४९ पर्यंतचं खरं. म्हणून खेळाडूंच्या हृदयावर काम करणारे डॉक्टर चाचणी नाडीच्या आकड्यावर थांबवत नाहीत. लक्षण दिसेपर्यंत किंवा माणूस खरोखर थकेपर्यंत ती नेतात. सायकलपटूला जमल्यास सायकलवरच बसवतात. ज्याला त्रास एकदम वेग वाढवल्यावर होतो, त्याच्यासाठी पट्ट्याचा क्रमही तसाच आखून घेतात. तपासणीला जाणाऱ्याने एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होईल: मला ज्या नाडीला त्रास होतो तिथपर्यंत ही चाचणी जाणार आहे का?

धावण्याच्या इतिहासातली एक गाजलेली घटना इथे आठवते. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने १९७७ मध्ये धावण्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्या देशात लाखोंना रस्त्यावर आणलं. त्याच्या वडिलांना पस्तिशीत हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. फिक्स स्वतः आधी लठ्ठ होता, भरपूर सिगारेटी ओढायचा. धावायला लागल्यावर त्याने दोन्ही मागे टाकलं. डॅलसमध्ये डॉ. केनेथ कूपर यांच्या संस्थेत गेला असता त्यांनी पट्ट्यावरची चाचणी करून घे असं सुचवलं, ती त्याने टाळली. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये रोजच्या धावण्यात तो कोसळला. वय बावन्न. शवविच्छेदनात हृदयाच्या वाहिन्यांत मोठे अडथळे आढळले. त्याच्या मृत्यूवरून ‘धावणं घातक आहे’ असा निष्कर्ष त्या वेळी पुष्कळांनी काढला आणि तो चुकीचा होता. धावण्याने त्याला वडिलांपेक्षा नऊ वर्षं अधिक दिली असं म्हणायलाही जागा आहे. पण कुटुंबात असा इतिहास असलेला माणूस रोज मैलोनमैल धावतो, म्हणजे त्याचं हृदय रोजच परीक्षा देऊन पास होतं, हा समज त्याच्या बाबतीत खोटा ठरला. परीक्षा होत होती, तिची नोंद मात्र कुणीच घेत नव्हतं.

लेनर्ड झिन यांचं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे. सायकली बनवणारे, त्यांच्या दुरुस्तीवर पुस्तकं लिहिणारे झिन हे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातले माजी सायकलपटू. २०१३ च्या जुलैत, पंचावन्नच्या आसपास वय असताना, कोलोरॅडोतल्या बोल्डरजवळचा डोंगर चढताना त्यांची नाडी १५५ वरून एकदम २१८ वर गेली. पुढे तपासण्यांमधून हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून उठणारी लयीची गडबड निश्चित झाली आणि त्यांनी शर्यती सोडल्या. आपला अनुभव झाकून न ठेवता त्यांनी पत्रकार ख्रिस केस आणि हृदयरोगतज्ज्ञ जॉन मँड्रोला यांच्यासह २०१७ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंमधले हृदयाच्या लयीचे विकार सामान्य वाचकांपर्यंत नेले. अशा माणसाचा बसल्या जागीचा ईसीजी एरवी अगदी निर्दोष येऊ शकतो. धागा हाती लागला तो चढावर, श्रम चालू असताना उमटलेल्या नोंदीमुळे.

हा मुद्दा फक्त हृदयाचा असता तर कदाचित इतकं लांबवण्याची गरज पडली नसती. पण श्रमात उमटणाऱ्या कितीतरी तक्रारींची गत हीच आहे. व्यायामाने श्वासनलिका आक्रसणाऱ्या माणसाची बसल्या जागी केलेली फुंकर-चाचणी नॉर्मल येऊ शकते. त्याचा त्रास बहुधा कसून धावून थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सर्वाधिक होतो, म्हणून त्याला सहा-आठ मिनिटं जोरात पळवून पुन्हा पुन्हा फुंकायला लावावं लागतं. दुसऱ्या काहींना ऐन जोरात असताना, विशेषतः श्वास आत घेताना, घशातून शिट्टीसारखा आवाज येतो आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं. यांना दमा ठरवून वर्षानुवर्षं पंप दिला जातो, त्याने फरक पडत नाही, कारण अडचण फुप्फुसात नसून स्वरयंत्रापाशी असते. ती पाहायची तर नाकातून दुर्बीण घालून माणसाला सायकल मारायला लावावी लागते. सायकलपटूंमध्ये एक विचित्र दुखणं असतं: पूर्ण जोर लावला की एकाच पायाच्या मांडीतली ताकद जाते, पाय सुन्न पडतो. कारण जांघेच्या वरच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी हजारो वेळा वाकून आतून जाड झालेली असते. पलंगावर झोपवून नाडी पाहिली तर दोन्ही पाय सारखे. जोरदार सायकल मारून लगेच घोट्याजवळचा रक्तदाब मोजला की फरक उघडा पडतो. नडगीच्या स्नायूंच्या आवरणात दाब वाढून होणारी वेदनाही अशीच, तो दाब धावण्याच्या आधी आणि नंतर मोजावा लागतो. यातल्या बऱ्याच खेळाडूंनी निदान होईपर्यंत ‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य ऐकलेलं असतं. तक्रार खरी असूनही माणूस खोटा ठरतो, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. आपल्याकडे बायकांच्या वाट्याला ती जास्त येते.

बायकांचा विषय निघाला म्हणून एक अपवादही सांगायला हवा, कारण तो माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातो. वेग घसरणं, पाय जड होणं, लवकर दम लागणं यामागे लोहाची कमतरता असेल तर तिचा शोध बसल्या जागी, साध्या रक्ततपासणीत लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सत्तावन्न टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. धावणाऱ्या स्त्रिया या समाजातूनच येतात. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, त्यासाठी फेरिटिन बघावं लागतं. तेव्हा विश्रांतीतल्या तपासण्या निरुपयोगी आहेत असा माझा दावा नाही. त्या आधीच करायच्या. त्यातून लक्षणाचा खुलासा झाला तर उत्तमच. खुलासा न होता नुसतं ‘नॉर्मल’ आलं, तर शोध अर्ध्यावर आहे एवढंच मानायचं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हा सगळा भीतीचा बाजार आहे, मॅरेथॉनमध्ये माणसं दगावण्याचं प्रमाण नगण्य असतं. आकडे या आक्षेपाच्या बाजूने आहेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या एक कोटी नऊ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यात एकोणसाठ जणांचं हृदय बंद पडलं, बेचाळीस दगावले. नंतर २०१० ते २०२३ या काळातल्या जवळपास दोन कोटी त्र्याण्णव लाख धावकांचा हिशेब मांडला गेला: १७६ जणांचं हृदय बंद पडलं, त्यातले एकोणसाठ गेले. म्हणजे हृदय बंद पडण्याचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं आणि मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं, कारण शेजारच्या माणसाने लगेच छातीवर दाब देणं आणि शॉक देणारं यंत्र जवळ असणं या गोष्टी सुधारल्या. मुंबई मॅरेथॉनमध्येही २०२० आणि २०२४ साली मृत्यू झाले, पण धावणाऱ्यांच्या संख्येशी ताडून पाहिलं तर इथेही धोका मोठा नाही. घरात बसून राहण्याने जाणारी माणसं यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा शाबूत राहतो. कारण हे प्रमाण सर्व धावणाऱ्यांचं आहे, ज्याच्या छातीत चढावर आवळतं त्याचं नाही. लाखात एखादा हा आकडा लक्षण नसलेल्या माणसाला धीर देण्यासाठी योग्य आहे. लक्षण दिसलं त्या क्षणी तो माणूस त्या सरासरीतून बाहेर पडला. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पस्तीस ते पासष्ट वयोगटातल्या, अचानक हृदय बंद पडलेल्या लोकांचा मागोवा घेतला गेला. ज्यांची माहिती मिळू शकली त्यांच्यापैकी निम्म्या लोकांना आधीच्या चार आठवड्यांत काही ना काही इशारा मिळाला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो मनावर घेतला नव्हता. हे सगळे खेळाडू नव्हते, सामान्य मध्यमवयीन माणसं होती. पण आपले बहुसंख्य मॅरेथॉनवाले तरी दुसरे कोण आहेत?

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो अभ्यासू आहे. ते म्हणतात, दीर्घ सरावाने हृदय मोठं होतं, भिंती जाड होतात, विश्रांतीतली नाडी चाळिशीत उतरते, ईसीजीवर नाना तऱ्हेच्या खुणा दिसतात. स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्ये बर्फावर घसरत जाणाऱ्या शर्यतपटूंची छाती ठोकून पाहून हे मोठं हृदय नोंदवलं होतं. अशा माणसाच्या तपासण्या करत गेलं तर नसलेले आजार सापडतील, निरोगी माणसाला अँजिओग्राफीच्या टेबलावर झोपवलं जाईल, चांगलं धावणं बंद होईल. सरसकट तपासणीचा अनुभवही संमिश्र आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तपासणी सक्तीची केली आणि व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू पुढच्या दोन दशकांत जवळपास नव्वद टक्क्यांनी घटले. इस्राएलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला, तिथे मात्र नंतरच्या पाहणीत फरक दिसला नाही. या आक्षेपातलं सत्य नाकारता येत नाही, आणि म्हणूनच सगळ्या धावणाऱ्यांना सक्तीने पट्ट्यावर उभं करा असं मी म्हणत नाही. ज्याला काहीच होत नाही अशा पंचविशीतल्या मुलाची टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ आली तर ती खोटी असण्याचीच शक्यता अधिक. पण तीच खूण पन्नाशीतल्या, चढावर जबडा आणि डावा हात दुखणाऱ्या माणसात दिसली तर तिचं वजन बदलतं. चाचणी तीच, कागद तोच, पण ती कुणाची आणि कशासाठी केली यावर तिचा अर्थ ठरतो. लक्षणाच्या मागे जाणं आणि सरसकट चाळणी लावणं यात फरक न केल्यानेच हा वाद गढूळ झाला आहे. उलट बाजूची जोखीमही लहान नाही. अमेरिकेचा धावपटू रायन शे याचं हृदय मोठं आहे हे त्याच्या किशोरवयापासून माहीत होतं. ३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, ऑलिम्पिक निवड शर्यतीत तो अठ्ठाविसाव्या वर्षी कोसळला. त्याच्या हृदयाच्या स्नायूत जागोजागी वण आढळले. मोठं हृदय हे सरावाचं की आजाराचं, हे ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं, म्हणून ‘खेळाडूंचं असंच असतं’ हे वाक्य तपासणीच्या शेवटी यावं, सुरुवातीला येऊ नये.

तिसरा आक्षेप धावणाऱ्यांचा स्वतःचा: इतकी वर्षं इतके किलोमीटर धावलेल्या माणसाला काय होणार? पुरावा इतका दिलासा देत नाही. स्वीडनच्या नव्वद किलोमीटरच्या वासालोपेत या स्कीइंगच्या शर्यतीत उतरलेल्या बावन्न हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, ज्यांनी जास्त वेळा शर्यत पूर्ण केली त्यांच्यात हृदयाच्या लयीचे विकार अधिक दिसले. बेल्जियममधल्या २०२३ च्या एका अभ्यासात आयुष्यभर दीर्घ पल्ल्याचा व्यायाम केलेल्या पुरुषांच्या हृदयवाहिन्यांत, बेताचा व्यायाम करणाऱ्या निरोगी पुरुषांच्या तुलनेत, चरबीचे थर कमी नव्हते, जास्तच होते. याने धावण्याचे फायदे पुसले जात नाहीत, कवचकुंडलांची कल्पना मात्र पुसली जाते. त्यात आपलं रक्त. बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं. ज्या वयात आपल्याकडचा माणूस पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी करतो, त्याच वयात हा धोका चढणीला लागलेला असतो.

खर्चाचा आणि सोयीचा आक्षेप उरतो. खेळाडूंच्या हृदयाचे तज्ज्ञ मुंबई-पुण्याबाहेर कुठे आहेत, असं लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाने विचारलं तर त्याचं बरोबर आहे. पण शोधाचा पहिला आणि सर्वांत मोलाचा भाग फुकट आहे: लक्षणाची नोंद. ‘डॉक्टर, छातीत कसंतरी होतं’ या वाक्यातून गजबजलेल्या ओपीडीत पाच मिनिटांत कुणालाच काही काढता येत नाही. त्याऐवजी कागदावर एवढं लिहून न्यावं. त्रास कितव्या किलोमीटरला, कुठल्या वेगाला, चढावर की सपाटीवर. नाडी किती, ती हळूहळू चढली की एका क्षणात उडी मारली. वेग कमी केल्यावर किती मिनिटांत थांबलं. रोज त्याच श्रमाला होतं की कधीतरी. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, फ्लू, कोविड झाला होता का, कारण तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते आणि तेव्हा धावणं धोक्याचं असतं. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का. पट्टीचा पोहणारा असून कुणी बुडालं आहे का. सगळ्यांत महत्त्वाचं, चक्कर आली ती धावत असताना की थांबल्यावर. शर्यत संपवून एकदम उभं राहिल्यावर घेरी येणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पायांत उतरलेलं रक्त पोटऱ्यांचा पंप थांबल्यामुळे वर येत नाही, आडवं करून पाय वर धरले की माणूस सावरतो. धावता धावता, पाऊल पुढे पडत असताना शुद्ध जाणं ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि तिची कसून तपासणी झाल्याशिवाय पुन्हा धावूच नये. मनगटावरच्या घड्याळाची नोंद सोबत न्यावी, पण त्यावर आंधळा भरवसा नको. प्रकाशाने नाडी मोजणारं घड्याळ कधी कधी पावलांची लयच नाडी म्हणून दाखवतं, आणि पावलं मिनिटाला एकशे सत्तर-ऐंशीच पडत असतात. छातीवरच्या पट्ट्याची नोंद अधिक खात्रीची. अशी चिठ्ठी समोर आली की जिल्ह्याच्या गावातला फिजिशियनही नेमका प्रश्न विचारू शकतो आणि कुणाकडे पाठवायचं ते ठरवू शकतो.

इथे एक इशारा देणं भाग आहे. धावताना तपासा याचा अर्थ ‘परत एकदा धावून बघू होतंय का’ असा मुळीच नाही. चाचणी पट्ट्यावर होते, शेजारी डॉक्टर आणि शॉक देणारं यंत्र असतं, ईसीजी सतत चालू असतो. पहाटे एकट्याने घाटात जाऊन केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. आणि छातीतलं दुखणं थांबल्यावरही जात नसेल, बसल्या जागी होत असेल, घाम सुटत असेल, तर टीएमटीची वेळ ठरवत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

या सगळ्यात अवघड भाग तपासणीचा नाहीच, उत्तर मिळेपर्यंत थांबण्याचा आहे. सहा महिने पहाटे उठून केलेली तयारी, भरलेली प्रवेश फी, कॉम्रेड्ससाठी जायचं तर व्हिसा, विमान आणि पात्रतेची धाव, गटातल्या मित्रांना दिलेला शब्द, हे सगळं माणसाला ढकलत राहतं. शर्यत तीन आठवड्यांवर आली असताना ‘आधी शर्यत, मग डॉक्टर’ असं ठरवणारा माणूस मूर्ख नसतो. थांबण्याची किंमत त्याला आज दिसते, न थांबण्याची दिसत नाही. त्याला दोष देण्यापेक्षा ती किंमत कमी करणं आपल्या हातात आहे. आयोजकांनी वैद्यकीय प्रमाणपत्र नावाचा तो कागद, जो कुणाच्याही सहीने मिळतो, थोडा बाजूला ठेवावा. त्याऐवजी नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा शर्यतीच्या महिनाभर आधी चार साधे प्रश्न विचारावेत: श्रमात छातीत दुखलं का, धावताना शुद्ध हरपली का, एकाएकी धडधड झाली का, घरात तरुणपणी कुणी अचानक गेलं का. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी असेल, तर त्या माणसाचा बिब पुढच्या वर्षावर ढकलावा, फी तीच धरावी. परदेशातल्या काही शर्यतींत प्रवेश पुढे ढकलण्याची सोय आहे. याचा गैरफायदा घेतला जाईल, तयारी न झालेले लोक खोट्या चिठ्ठ्या आणतील, अशी भीती आयोजकांना वाटू शकते. एकाला एकदाच ही सवलत द्यावी, आणि काही खोट्या चिठ्ठ्या खपल्या तर खपू द्याव्यात. त्यात आयोजकांचे काही हजार रुपये जातील, आणि खरोखर छातीत आवळत असलेल्या माणसाला जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी पेडर रोडच्या चढावर जायचं बंधन उरणार नाही.